ठाण्याचा शिपाई

पुण्याहून मुंबईकडे जुन्या हमरस्त्यानें निघालें, कीं निगडी मागें पडल्यावर देहूरोड लागतें. देहूच्या यात्रेकरूंनीं उतरण्याचें स्थानक, एवढीच याची ओळख आमच्या पुष्कळ घरांत असते. परंतु वस्ती म्हणून हें गांव लष्करानें घडविलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्कराचीं कोठारें आलीं, त्यांच्यामागून मजूर, कारकून व दुकानदार आले, आणि १९५८ सालीं छावणी मंडळ स्थापन झालें. मराठी बिऱ्हाडाच्या शेजारीं तमिळ, तेलुगू, पंजाबी बिऱ्हाडें येथें नांदतात. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथें बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशीं दरवर्षीं मोठा समुदाय लोटतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबांची पालखी देहूहून निघते, महाशिवरात्रीस घोरावडेश्वराच्या डोंगरावर यात्रा भरते, आणि रस्त्यानें कारखान्यांच्या मालमोटारी रात्रंदिवस धांवतात. अशा ठिकाणीं पोलिसाचें काम चोर धरण्याएवढेंच नसतें. कोणत्या दोन घरांत कां वितुष्ट आहे, कोणता तरुण कशामुळें वाकडा चालूं लागला, हें ठाऊक असणें ही त्याची अर्धी विद्या होय.

१५ ऑगस्ट २०१८ रोजीं पिंपरी-चिंचवडचें स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालें, आणि तोंवर पुणें ग्रामीणकडे असलेलें देहूरोडचें ठाणें चाकण, आळंदी, तळेगांव यांच्याबरोबर त्याच्या हाताखालीं आलें. नव्या आयुक्तालयास माणसें हवीं होतीं. ७२० शिपायांच्या भरतीसाठीं १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं लेखी परीक्षा झाली, तेव्हां अर्ज एक लाख ऐंशी हजारांच्यावर आले होते! त्याच दिवशीं हिंजवडीच्या केंद्रावर झडतींत एका उमेदवाराचा मुखपट्टा हातीं लागला. करोनाच्या दिवसांतला तो साधा पट्टा; पण आंत बॅटरी, सिमकार्ड आणि ध्वनियंत्र शिवलेलें होतें. ज्यास पुढें चोरट्यांच्या युक्त्या शोधून काढावयाच्या, त्यानें आरंभच असा करावा, याला काय म्हणावें? तथापि एकावरून सर्वांस तोलणें अन्यायाचें होईल. २०२४ सालीं राज्यांत १७,४७१ जागांसाठीं १७ लाखांहून अधिक अर्ज आले, आणि त्यांत पदवीधर होते, इंजिनियरही होते. नोकरीचा दुष्काळ त्यांतून दिसतो. सेवेची आवड किती, हें मात्र त्या आंकड्यावरून कळत नाहीं.

निवडीची रीत तरी पाहूं. पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर हवी, छाती न फुगवितां ७९ व फुगवून ५ अधिक. १६०० मीटर व १०० मीटर धांवणें आणि गोळाफेक यांस ५० गुण. स्त्रियांस १६०० ऐवजीं ८०० मीटर. मग अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता व मराठी व्याकरण यांची १०० गुणांची लेखी परीक्षा. पाय मोजले, छाती मोजली, स्मरणशक्तीही मोजली. रडत आलेल्या म्हातारीशीं हा मनुष्य कसा बोलेल, हें मोजण्याचा गज मात्र कोणापाशीं नाहीं. तें पुढें ठाण्यांतच ठरतें, आणि आमच्या मतें खरी मेख तेथेंच आहे.

बारा-बारा तास उभा राहिलेला मनुष्य मृदु बोलेल, अशी अपेक्षा करणारे आपण आपल्या कचेरींतून सहाला परततों. पालखीचा बंदोबस्त संपतो न संपतो तों गणपति, गणपति उठतात न उठतात तों नवरात्र. सण आपल्या घरीं. शिपायाच्या घरीं त्या दिवशीं त्याचें ताट झांकून ठेवलेलें. मुंबईस देवनारच्या ठाण्यांत मे २०१६ मध्यें आठ तासांची पाळी करून पाहण्यांत आली. विशेष हें कीं, ती योजना मूळची कोणा मोठ्या अधिकाऱ्याची नसून त्या ठाण्यांतल्याच एका साध्या कर्मचाऱ्याची होती. बढतीची निराशाही वागणुकींत उतरते. फेब्रुवारी २०२२ मध्यें सरकारनें पोलिस नाईक ही पायरीच काढून टाकली, ती शिपायास निवृत्तीपूर्वीं फौजदारपद दिसावें म्हणून.

दुसरी गोष्ट बदल्यांची. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाप्रमाणें शिपाईवर्गाची एका ठिकाणची सर्वसाधारण मुदत पांच वर्षें, तर निरीक्षकाची एका ठाण्यांतली दोन वर्षें. दोन वर्षांत साहेब दोन पालख्या पाहतात, दोन शिवरात्री पाहतात, आणि गांव ओळखीचें होतें न होतें तोंच सामान बांधतात. एकाच जागीं रुजलेला अधिकारी लागेबांधे करतो, ही धास्ती खोटी नाहीं. पण अनोळखी अधिकाऱ्यास गांवाची लाज वाटत नाहीं, हेंही तितकेंच खरें. आमच्या जुन्या गांवगाड्यांत चोरीचा माग रामोशी काढी, आणि तो दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला तरच त्याची जबाबदारी सुटे. जपानांत खेड्यांतला पोलिस आजही चौकींतच बायकामुलांसह राहतो आणि घरोघर जाऊन विचारपूस करतो. देहूरोडला यांतलें जसेंच्या तसें कांहीं चालणार नाहीं. पण शिपाई गांवाचा आणि साहेब पाहुणा, अशी स्थिति असतां नव्या साहेबांनीं पहिले दोन महिने जुन्या शिपायांचें ऐकून घेण्यांत घालवावे, एवढें तर होण्यासारखें आहे.

वर्दीचा तोल सुटला म्हणजे काय होतें, हें या भागास शिकवावें लागत नाहीं. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवना जलवाहिनीच्या विरोधांत जमलेल्या शेतकऱ्यांवर मावळांत बऊर येथें गोळीबार झाला आणि तिघे दगावले. पुढें २०१४ मध्यें अधिनियमांत सुधारणा होऊन राज्यस्तरावर व विभागीय स्तरावर पोलिस तक्रार प्राधिकरणांची तरतूद झाली. कोठडींतला मृत्यु, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तेथें नेतां येतात.

आतां आपल्या घराविषयीं, थोडें कडू असलें तरी. आपला मुलगा मोठा पोलिस अधिकारी झाला तर आपण पेढे वांटतों; शिपाई होतों म्हणाला तर आजी अंथरूण धरते. पासपोर्टाच्या चौकशीस आलेल्या शिपायाच्या हातांत कांहीं ठेवणारे आपणच, आणि संध्याकाळीं ओसरीवर लांचलुचपतीच्या नांवानें बोटें मोडणारेही आपणच. खरी अडचण आली कीं मात्र ठाण्याची पायरी चढण्यास आपले पाय जड होतात, आणि ओळखीच्या मध्यस्थाचा शोध सुरू होतो. त्या मध्यस्थाचें काम बहुधा कायद्यानें आधींच करून ठेवलेलें असतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, खबर जवळच्या ठाण्यांत देतां येते, आणि तिची नक्कल विनामूल्य मिळते. साक्षीच्या चौकशीसाठीं स्त्रीस, पंधरा वर्षांखालील मुलास किंवा साठीपुढील पुरुषास घराबाहेर बोलावतां येत नाहीं. पोलिसांनीं घरीं यावयाचें असतें. अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याचें नांव स्पष्ट दिसेल असें असलें पाहिजे. खबर नोंदविण्यास ठाण्यानें नकार दिला, तर तीच लिहून टपालानें वरिष्ठ अधिकाऱ्याकडे धाडतां येते, आणि त्याची पोंच जपून ठेवावी.