मामाचा पासपोर्ट आणि विम्याचा कागद

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद, मग तो बँकेचा असो, गॅसचा असो की नगरपालिकेचा, वाचून दाखवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. गेल्या उन्हाळ्यात मामाने असाच एक कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "बघ गं पोरी, ह्यात काय लिहिलंय. पैसे घेतायत, ते कशाचे घेतायत?" तो प्रवासी भारतीय विमा योजनेचा कागद होता. हा लेख त्या कागदातून निघाला आहे. विषय रुक्ष आहे हे मला ठाऊक आहे. प्रेमकथा वाचायची असल्यास वाचकांनी पुढची पाने उलटावीत.

मामा वेल्डर. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याने बरीच वर्षे कंत्राटावर काम केले. शाळा नववीत सुटली. आपल्याकडे दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद असते. म्हणजे नोकरीसाठी ठरावीक देशांत जायचे तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे त्याला आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. असे देश अठरा आहेत. त्यांत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहारीन असे आखातातले सगळे नेहमीचे देश येतात, मलेशियाही येतो. ह्या मंजुरीबरोबरच हा विमा सक्तीचा आहे. योजना २००३ साली सुरू झाली आणि २०१७ साली तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या.

मामाचा हा दुसरा खेप. पहिल्या खेपेला तो दुबईला गेला तेव्हा हा कागद नव्हताच. त्या वेळच्या एजंटाने (त्याचे नाव इथे घेण्यात अर्थ नाही) सांगितले होते, "मंजुरीला वेळ लागतो, फिरायच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून घेऊ." मामा गेला. कामाचा व्हिसा झालाच नाही. चौथ्या महिन्यात परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला. ज्याच्याकडे काम करत होता त्याने कानावर हात ठेवले, कारण कागदोपत्री मामा पर्यटक होता. पर्यटकाने परांचीवर चढायचे कारण काय? इस्पितळाचे बिल बरोबरच्या पोरांनी वर्गणी काढून अर्धे भरले. उरलेल्या अर्ध्यासाठी इकडे मामीचे मंगळसूत्र आणि माझ्या आईच्या दोन बांगड्या सोनाराकडे गेल्या. मंगळसूत्र सुटले. बांगड्या अजून तिथेच आहेत.

म्हणून यंदा मामाने प्रश्न विचारला तेव्हा मी कागद नीट वाचायला घेतला. विमाहप्ता बघून माझा प्रथम विश्वासच बसेना. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. आमच्या घरी चार माणसे एकदा हॉटेलात जेवली तर ह्याहून जास्त बिल होते. ह्या पैशांत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. आजारपण वा दुखापतीसाठी १ लाखापर्यंत इस्पितळखर्च, पण एका वेळेस ५० हजारांच्या आत. तब्येतीने काम करणे अशक्य झाले किंवा नोकरी मुदतीआधी सुटली, तर ठरावीक अटींवर परतीचे विमानभाडे. परदेशातल्या नोकरीसंबंधी कोर्टकचेरी करावी लागल्यास ४५ हजारांपर्यंत खर्च. बाई कामगार असेल तर बाळंतपणाचे ५० हजारांपर्यंत. मालक बदलला, गाव बदलले, तरी अपघाताचा विमा चालू राहतो. आणि अपघाताबद्दल आपल्या वकिलातीने दिलेला दाखला विमा कंपनीला चालतो. परक्या मुलखात कागद गोळा करणे किती अवघड, हे ज्याने भोगले त्यालाच ह्या शेवटच्या कलमाची किंमत कळेल.

मामाला मी हे सगळे मराठीत सांगितले. तो ऐकून घेत होता. मग त्याने विचारले, "आणि हार्टचा झटका आला तर?"

मी कागद पुन्हा उलटून पाहिला. दहा लाख हे अपघाती मृत्यूचे. झटका म्हणजे अपघात नव्हे. आजारपण म्हणून इस्पितळाचे पैसे मर्यादेत मिळतील, पण माणूस गेला तर घरच्यांना ते दहा लाख मिळणार नाहीत. आखातात उन्हाळ्यात अंगावर काम करणाऱ्या माणसाला ह्या फरकाचा अर्थ सांगण्याची गरज नसते. मामाला रक्तदाब आहे. शेवटी असे ठरले की हा विमा असतानाही इकडे एक साधा आयुर्विमाही उतरवायचा, आणि फॉर्ममध्ये रक्तदाब लपवायचा नाही.

लपवण्याची गोष्ट निघाली म्हणून उल्हासनगरच्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरचा किस्सा सांगते. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले गाव. पूर्वी त्याला कल्याण कॅम्प म्हणत. १९४९ साली सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे आजचे नाव पडले. सिंधी व्यापाऱ्यांची घरे जगभर पसरलेली, त्यामुळे ह्या गावात परदेशी जाणे म्हणजे आपल्याकडे पुण्याला जाण्यासारखे. मैत्रिणीची दादी मुलाकडे अमेरिकेला निघाली. वय सत्तरीच्या पुढे, साखर जुनीच. अमेरिका पाहुण्याला व्हिसा देताना विमा मागत नाही. त्यामुळे घरात दोन तट पडले. एक म्हणाला, कशाला हजारो रुपये घालवायचे, सहा महिन्यांत काय होतंय? दुसरा म्हणाला, घ्यायचा तर घ्या, पण साखर लिहू नका, हप्ता वाढतो.

हा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा वाईट, असे माझे मत आहे. विम्याचा करारच मुळी खरे सांगण्यावर उभा असतो. कंपनी तुम्हाला तपासायला घरी येत नाही. ती तुमच्या शब्दावर विसंबून हप्ता ठरवते. तो शब्द खोटा निघाला तर दावा नाकारण्याचा हक्क तिला मिळतो. म्हणजे हप्ता भरायचा, निर्धास्त राहायचे, आणि ऐन वेळी हातात काहीच नाही. विमा नसलेला माणूस निदान जपून तरी वागतो. तिथे इस्पितळात एक रात्र राहण्याचे बिल रुपयांत मांडले तर आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराची वर्षाची कमाई त्यात जाऊ शकते. अखेर दादीने साखर लिहिली. हप्ता वाढला. शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी जीव वाचवण्यापुरतेच उपचार, अशी अट पडली. दादीचा मुलगा फोनवर कुरकुरला, पण दादी म्हणाली, "झूठ लिखके विमान में नहीं बैठूँगी." दादी सुखरूप जाऊन आली, आणि विम्याचा एक पैसाही वापरावा लागला नाही. ह्यावर घरातला पहिला तट अजूनही "बघा, आम्ही म्हणत होतो" असे म्हणतो. ह्या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नाही. पावसाळा कोरडा गेला म्हणून छत्री विकत घेणारा मूर्ख ठरतो का, एवढेच विचारता येईल.

युरोपची रीत वेगळी. शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा हवा असेल तर किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. त्यात आजारी माणसाला वा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असतो. तिथे 'घ्यावा का' हा प्रश्नच उरत नाही. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ शिकायला जाणाऱ्याला व्हिसाबरोबरच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार भरावा लागतो. म्हणजे ज्या देशांनी सक्ती केली तिथे आपण मुकाट्याने भरतो. जिथे निवड आपल्यावर सोडली, तिथे वाद सुरू होतो.

आपल्या वर्गातल्या बहुतेकांना मात्र परदेशाचे काय सांगायचे! आपला प्रवास बदलापूर ते कॉलेज. पण वाचकहो, विम्याचा सगळ्यात जवळचा प्रश्न तिथेच आहे. २०१६ सालापासून रेल्वेचे तिकीट इंटरनेटवर काढताना पैशांत मोजण्याइतक्या हप्त्यात विमा मिळतो. सुरुवातीला तो ९२ पैसे होता. मृत्यूला १० लाख, जखमेच्या इस्पितळखर्चाला २ लाखांपर्यंत. तिकीट काढून झाल्यावर वारसाचे नाव भरण्यासाठी मोबाईलवर एक दुवा येतो, तो माझ्या माहितीतल्या एकानेही कधी उघडलेला नाही. परंतु हा विमा लोकलला नाही. पासधारकाला नाही. खिडकीवर तिकीट काढणाऱ्यालाही नाही.

मग लोकलमधून पडलेल्याचे काय? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचे जीव गेले. त्यातली एक गाडी कर्जतहून येणारी, म्हणजे आपलीच. अशा वेळी १९८९ चा रेल्वे कायदा उपयोगी पडतो. त्याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून अपघाताने पडणे ही 'अनुचित घटना' धरली जाते, आणि चूक रेल्वेची होती हे सिद्ध न करताही भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे, त्याआधी ती ४ लाख होती. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, एका वर्षाच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, आणि निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे. पण रूळ ओलांडताना गेला, तर ह्या कलमाखाली काही नाही. विठ्ठलवाडीला पूल सोडून रुळांवरून जाणाऱ्या माझ्या वर्गबंधूंनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

विमा कशाकशाला पुरत नाही ह्याचेही एक उदाहरण आपल्याच दारचे आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारभर माणसे डब्यांत रात्रभर. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि जवळच्या गावांतले लोक ह्यांनी सर्वांना बाहेर काढले. त्या पैशांच्या विम्यात उशीर, भिजलेले सामान, बुडालेला दिवस ह्यांना जागा नव्हती. तिथे कामाला आली ती होडी आणि गावकऱ्यांचा चहा.

मराठीच्या तासाला आम्हाला विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'विषयी सांगितले. कर्ज फेडायला पैसे मिळवावेत म्हणून वरसईचा हा भिक्षुक उत्तरेत गेला आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला. मिळवलेले वाटेत लुटले गेले, तो परतला तो गंगेची कावड घेऊन. तास ऐकताना मला सारखा मामा आठवत होता. तोही कर्ज फेडायलाच जातो आहे.

ह्या वेळी मामा ओमानला निघाला, कामाच्या व्हिसावर, मंजुरी घेऊन. एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. हा विमा नववी झालेल्या मामाला सक्तीचा आहे. उद्या मी गेले तर मला कोणी विचारणार नाही, कारण मी दहावी पास. सरकार असे धरून चालते की शिकलेल्या माणसाला स्वतःची काळजी घेता येते. आमच्या चाळीतला दहावी पास इलेक्ट्रिशियन गेल्या वर्षी कतारला गेला. विम्याचे विचारले तर म्हणाला, "मला नाही लागत, मी ईसीएनआर आहे." लागत नाही म्हणजे सरकारला लागत नाही. त्याला लागतो की नाही, हे त्याने तपासलेच नव्हते.

कागद भरून झाला तेव्हा वारसाचा रकाना उरला होता. मामाने मामीचे नाव सांगितले, सासरचे. मी आधार कार्ड मागितले. त्यावर माहेरचे नाव, आणि त्यातही एक अक्षर चुकलेले. मामी म्हणाली, "राहू दे गं, काय फरक पडतो?" मी कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मी आणि मामी आधार केंद्राच्या रांगेत उभ्या होतो. सकाळी नऊला लागलो, नंबर दीडला आला.