पडद्यावरची हवाईसुंदरी आणि आपली मुलगी

दहावीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी 'मी कोण होणार' हा निबंध लिहायला देतो. यंदा डॉक्टर, शिक्षिका, पोलीस असे नेहमीचे निबंध आले. एका मुलीने मात्र लिहिलं, 'मला हवाईसुंदरी व्हायचं आहे.' वही घरी अब्बांच्या हातात पडली आणि दुसऱ्याच दिवशी तिची अम्मी शाळेत हजर झाली.

"टीचर, तुम्हीच समजवा हिला. मोबाईलवर कसली तरी मालिका बघते. तिचे अब्बा म्हणतात, दहावी झाली की शिक्षण बंद."

मुलीला रागावण्याआधी ती काय बघते ते आपण बघावं, असं आम्ही ठरवलं. ती मालिका म्हणजे 'फ्लाय गर्ल्स'. २०१० साली अमेरिकेत 'द सीडब्ल्यू' या वाहिनीवर आलेला हा रिअ‍ॅलिटी शो. 'व्हर्जिन अमेरिका' या विमानकंपनीतल्या पाच तरुणींचं जगणं त्यात दाखवलं होतं. झगमगती शहरं, मेजवान्या, मैत्रिणींमधले रुसवेफुगवे आणि प्रेमप्रकरणं. विमानकंपनीची ही लांबलचक जाहिरातच आहे, अशी टीका तेव्हाच झाली होती. एका हंगामातच मालिका संपली. पुढे २०१८ साली त्या कंपनीच्या नावाने उडणारी विमानंही थांबली.

अशा मालिकेत कॅमेरा खरा असतो, माणसंही खरी असतात. पण तासन्‌तास केलेल्या चित्रीकरणातून कोणती वीस मिनिटं ठेवायची, हे दुसराच कोणीतरी ठरवतो. भांडण ठेवलं की लोक बघतात, काम ठेवलं की वाहिनी बदलतात. म्हणून कामच कापलं जातं.

आणि काम काय असतं? चहा-नाश्ता देणं हा त्याचा छोटा भाग. केबिन क्रू मुळात सुरक्षेसाठी असतात. दर पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी हवा, असा नियम आहे. निम्मे दरवाजे बंद असले तरी भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं, हे विमान बनवणाऱ्या कंपनीला आधी सिद्ध करावं लागतं. आग विझवणं, बेशुद्ध प्रवाशाला सावरणं, घाबरलेल्यांना बाहेर काढणं, याचं प्रशिक्षण प्रत्येकीला घ्यावं लागतं. १९८६ साली कराचीत अपहरणकर्त्यांसमोर प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत या आपल्या मुंबईच्या मुलीने जीव दिला. तिला अशोकचक्र मिळालं.

दुसरी बाजूही मुलीला कळायला हवी. अवेळी ड्यूटी, अपुरी झोप, सणासुदीला घरापासून दूर. अमेरिकेत तर वर्षानुवर्षं विमानाचं दार बंद झाल्यावरच तासांचा पगार सुरू व्हायचा. प्रवासी चढत असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे नसत.

आपल्या देशातही या स्त्रियांना हक्कासाठी झगडावं लागलं. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे पहिल्या गरोदरपणातच हवाईसुंदरीची नोकरी जायची. नर्गेश मीर्झा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ साली न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फझल अली यांनी निकाल लिहिला आणि ती अट रद्द झाली. नोकरीत चार वर्षं होईपर्यंत लग्न न करण्याची अट मात्र कोर्टाने कायम ठेवली.

आता आपल्या घरातले प्रश्न. पोशाखाचं काय? दारू वाढावी लागली तर? परक्या शहरात एकटीने मुक्काम? हे प्रश्न खरे आहेत, ते हसण्यावारी नेऊ नयेत. सगळ्या कंपन्या सारख्या नसतात, हेही माहीत असावं. सौदिया आणि रॉयल ब्रुनेई यांच्या विमानांत दारू दिली जात नाही. शिवाय विमानतळावर तिकीट-काउंटर, मालवाहतूक, देखभाल, हवाई वाहतूक नियंत्रण अशी कितीतरी कामं आहेत. त्यांत रात्री परगावी राहावं लागत नाही. हया आणि हलाल रोजी यांचा विचार मुलीबरोबर बसून करावा, तिच्या पाठीमागे नाही.

आम्ही हे सगळं तिच्या अब्बांना सांगितलं. ते स्वतः बारा वर्षं आखातात ड्रायव्हर होते. आम्ही इतकंच विचारलं, "भाई, तुम्ही दर सुट्टीला विमानाने यायचात. त्या पोरींना कधी वाईट वागताना पाहिलंत?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. एकदा माझी छाती भरून आली होती. एकीने रात्रभर तीन-चारदा येऊन विचारपूस केली. पाणी दिलं."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने हा किस्सा कधी ऐकलाच नव्हता.

शिक्षण बंद करायचा विषय त्या दिवशी मिटला. बारावी करायची, इंग्रजी सुधारायचं, मग पुन्हा बसून ठरवायचं, असं झालं. ती काय होईल हे अल्लाहला ठाऊक. पण पालकांनो, मोबाईल हिसकावण्याआधी एकदा मुलीशेजारी बसून तो बघा. पडद्यावरची गोष्ट कापलेली असते. पुरी गोष्ट आपण सांगितली नाही, तर ती कापलेलीच खरी मानेल.