हत्ती वेगळ्या डब्यात : रंगवलेले छोटे सैनिक सांभाळायचे कसे आणि न्यायचे कसे

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलमध्ये उभ्या उभ्या हे वाचणाऱ्यांनाही. या भागात "हे इथे चिकटवायचं, ते तिथे ठेवायचं" असं बरंच होतं. नुसतं ऐकून ते लक्षात राहत नाही, म्हणून नीट लिहून काढलंय. बोलण्यातलं "म्हणजे बघा" थोडं कमी केलंय, सगळं नाही.

सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यापासून करू. माळ्यावरून खोकं खाली यायचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे एकेक करून उलगडायचे आणि दरवर्षी कुणाचा तरी हात नाहीतर भाला गेलेला असायचा. आमच्याकडे महाराजांची मूर्ती मात्र कायम धड. कारण साधं होतं. ती वेगळ्या डब्यात, एकटी असायची. तेव्हा त्यातून काही शिकले असते तर आजचा भाग करावा लागला नसता.

आधी खेळ काय आहे ते

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर डोंगर, नदी, गावं मांडायची, त्यावर छोटे सैनिक उतरवायचे आणि फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई खेळायची. सैनिक साधारण २८ मिलिमीटर उंचीचे असतात, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा किंचित जास्त. ते प्लॅस्टिकचे, धातूचे किंवा रेझिनचे येतात. येतात ते बिनरंगाचे. रंगवायचे आपण. एका सैनिकाला मला दोन-तीन तास लागतात. पलटणीला किती, ते तुम्हीच मोजा.

मी आणि माझा एक मित्र असईची लढाई करत होतो. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं असई गाव. एका बाजूला शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा, दुसऱ्या बाजूला वेलस्ली. शिंद्यांची फौज मी रंगवली, इंग्रजांची त्याने. त्याच्याकडे ७८व्या हायलँडर पलटणीचे २४ सैनिक होते, आणि त्या प्रत्येकाच्या घागऱ्यावरच्या चौकड्या त्याने तीन केसांच्या ब्रशने काढल्या होत्या. मी त्याला वेडा म्हणायचे.

पुणे ते दादर

तो नोकरीसाठी कॅनडाला निघाला होता. जायच्या आधीच्या रविवारी मुंबईत एका मित्राकडे खेळायचं ठरलं. तो परस्पर येणार होता, म्हणून त्याचे सैनिकही माझ्याकडे दिले. मी काय केलं? मिठाईचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, कापूस पसरला, प्रत्येकाला टिश्यूत गुंडाळलं. वर जागा उरली होती, तिथे माझा हत्ती ठेवला. धातूचा, जवळजवळ पाव किलोचा.

सकाळची गाडी. बॅग वरच्या रॅकवर. मध्ये कुणीतरी स्वतःच्या सामानासाठी जागा करायला माझी बॅग उभी केली. त्यांची काही चूक नाही, बॅगेवर कुठे लिहिलं होतं की आत पलटण झोपली आहे?

दादरला डबा उघडला. नऊ संगिनी तुटलेल्या. खांदे, गुडघे आणि टोप्यांच्या कडांवरून रंग निघून खालचा धातू चमकत होता. एका बाजूच्या पाच-सहा जणांच्या चौकड्या पुसून गेल्या होत्या. आणि हत्ती कोपऱ्यात, अगदी ठणठणीत.

मित्राने डब्यात पाहिलं. काही बोलला नाही. खिशातून सुपरग्लू काढला आणि ध्वज धरणाऱ्याचा हात चिकटवायला बसला. आम्ही खेळलो. निघताना त्याने सगळे सैनिक माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "अगं, विमानात कुठे नेऊ हे? तूच सांभाळ." ज्या बाईने ते मोडले तिलाच!

म्हणून मी यात शिरले.

नेमकं बिघडतं काय

दोन वेगळी नुकसानं आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. तुटतं ते हलण्यामुळे. निघतो तो रंग, घासण्यामुळे.

डब्यात जागा असली की धक्का बसल्यावर वस्तू वेग घेते आणि भिंतीवर आदळते. जितकी जड, तितका घाव मोठा. माझा हत्ती म्हणजे त्या डब्यातला हातोडा होता. आणि कापूस, टिश्यू, वर्तमानपत्र यांनी घासणं थांबत नाही, उलट वाढतं. ते अंगाला सगळीकडून लागून असतात. गाडी तीन तास थरथरते, म्हणजे तीन तास बारीक पॉलिश पेपर चालतो. शिवाय कापसाचे धागे संगिनीत अडकतात आणि बाहेर काढताना आपण स्वतःच ती मोडतो.

माझा सगळा धडा एका ओळीत सांगायचा तर असा: सैनिकाला पायापाशी धरा, अंगाला काही लागू देऊ नका.

फोम चांगला, पण कायमचा नाही

फोमचे ट्रे मिळतात. आधीच चौकोनी तुकड्यांत कापलेले असतात, हवे तेवढे तुकडे उपटून खळगा करायचा. गादीवाल्याकडून शीट आणून घरीही जमतं. रेझिनचे नाजूक सैनिक, ज्यांना बेस नाही अशा वस्तू, तोफा, यांच्यासाठी फोम उत्तम.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, खळगा सैनिकापेक्षा किंचितच मोठा हवा आणि भाल्यासाठी वेगळी चीर हवी. दाबून बसवलात तर काढताना मोडणार. दोन, नुकता रंगवलेला सैनिक फोममध्ये ठेवू नका. रंग वरून कोरडा वाटतो, आतून मऊ असतो, आणि उन्हाळ्यात त्यावर फोमची जाळी उमटते. तीन, गादीचा फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांनी पिवळा पडतो, चिकट होतो, भुगा होतो. तो भुगा चौकड्यांवर बसला की निघत नाही. फोम प्रवासापुरता. राहायला दुसरं घर.

चुंबक आणि आईचा डबा

मी आता वापरते ती पद्धत ही. सैनिकाच्या बेसखाली निओडिमियमचं छोटं चुंबक, पाच मिलिमीटर व्यासाचं, एक-दोन मिलिमीटर जाडीचं. डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा. सैनिक उभा राहतो, फक्त तळव्याने धरलेला. अंगाला हवेशिवाय काही लागत नाही.

इथे माझी पहिली फजिती. आईचा स्टीलचा मोठा डबा पळवला, चुंबक लावलं, आणि ते घसरून खाली! स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतच नाही. त्यात निकेल किंवा मँगनीज असं मिसळलेलं असतं की धातूची आतली रचना बदलते आणि चुंबकाची ओढ जाते. इंडक्शनवर चालणारी भांडी चिकटतात, कारण त्यांचा तळ मुद्दाम तसा केलेला असतो. ॲल्युमिनियम तर नाहीच.

म्हणून चुंबक खिशात घेऊन तुळशीबागेत गेले आणि भांड्यांच्या दुकानात डब्यामागून डब्याला लावून बघायला लागले. दुकानदार म्हणाले, "ताई, खरं सोनं आहे का बघताय?" शेवटी उत्तर हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मापाने कापून घेतला आणि साध्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला दुहेरी टेपने चिकटवला. बिस्किटांचे पत्र्याचे डबेही चालतात. कडा कानशीने घासून घ्या, हात कापतो.

करताना हे सांभाळा:

• चुंबक बेसच्या खालच्या पातळीला अगदी समतल बसवा. चुंबक आणि पत्रा यांत एक मिलिमीटर फट राहिली तरी पकड खूप कमी होते.

• एका सैनिकाला एक पुरतं. घोडेस्वाराला दोन. हत्तीला चारी कोपऱ्यांना चार.

• डब्याची उंची सगळ्यात उंच भाल्यापेक्षा किमान एक सेंटिमीटर जास्त हवी. माझा ध्वजधारी यामुळेच एकदा झाकणाने वाकला.

• उचलताना बेस धरून तिरका करा, मग सोडवा. डोकं धरून ओढलंत तर चुंबक जिंकतं आणि पाय तुटतात.

आणि हे गंमतीत घेऊ नका: सुटी चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळली गेली तर ती आतड्यांच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात, आणि ते जीवघेणं ठरू शकतं. चिकटवून झाली की उरलेली बंद डबीत, उंचावर.

चाचणी सोपी आहे. डबा गादीवर धरा आणि उलटा करा. मग हलवा. जो पडेल त्याला आणखी एक चुंबक.

व्हार्निश आणि जोड

चुंबक असलं तरी सैनिक हाताळला जातो, टेबलावर पडतो. त्यासाठी व्हार्निश. चकचकीत व्हार्निश कठीण असतं, मॅट दिसायला छान पण तुलनेने नाजूक. म्हणून आधी चकचकीतचे दोन पातळ हात, वाळल्यावर वर मॅट. स्प्रे पावसाळ्यात मारू नका. हवेतल्या बाष्पामुळे पांढरं धुकं बसतं आणि महिनाभराचं काम दूध सांडल्यासारखं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशने लावा किंवा सरळ थांबा.

जोडांचं म्हणाल तर, सुपरग्लू ओढ सहन करतो, झटका नाही. धातूच्या हातात आणि खांद्यात एक मिलिमीटरचं भोक पाडून पेपरक्लिपचा तुकडा घालून चिकटवा. मित्राच्या नऊपैकी चार संगिनी मी अशाच केल्या, सुईची टोकं घालून. आता त्या टोचतात. म्हणजे मजबूत आहेत.

घरात ठेवताना

काचेचं कपाट सगळ्यात बरं, पण थेट ऊन नको. उन्हाने रंग उडतात, लाल-पिवळे बऱ्याचदा आधी. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झटका.

कपड्यांच्या कपाटात ठेवत असाल तर डांबरगोळ्या काढा. त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या सैनिकांचं पॉलिस्टायरीन मऊ करते, चिकट करते. कपडे वाचतील, पलटण विरघळेल.

कुणाकडे आजोबांच्या वेळचे शिशाचे सैनिक असतील तर ते बंद लाकडी पेटीत ठेवू नका. इंग्लंडमध्ये १८९३पासून ब्रिटन्स कंपनी शिशाचे पोकळ सैनिक करू लागली, आणि असे जुने सैनिक जगभर संग्रहांत आहेत. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून आणि एमडीएफमधून, आम्लाची वाफ येत राहते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. शिसं आतून खात जातं. हात लावलात तर नंतर साबणाने धुवा, ती भुकटी विषारी असते.

प्रवासात

ट्रेनमध्ये डबा मांडीवर किंवा पायांपाशी. रॅकवर नाही. हे मी आयुष्यभर सांगत राहणार. डब्याच्या चारी बाजूंना बाण काढा, "ही बाजू वर". डबा आणि बॅग यांच्यातली जागा टॉवेल-कपड्यांनी भरा, म्हणजे डबाच हलणार नाही.

स्कूटरवर डिकीत किंवा पुढे पायांपाशी ठेवण्यापेक्षा पाठीवरच्या सॅकमध्ये बरा. खड्ड्याचा धक्का आधी आपलं शरीर खातं. मे महिन्यात बंद गाडीत डबा सोडून जेवायला जाऊ नका. आत इतकं तापतं की रेझिनच्या तलवारी माना टाकतात. वाकलीच तर गरम पाण्यात क्षणभर धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात.

विमानात केबिन बॅगेत. तपासणीत एक्स-रेवर एवढी धातूची माणसं दिसली की थांबवणारच. शांतपणे डबा स्वतः उघडून दाखवा, त्यांना हात घालायची वेळ येऊ देऊ नका. कटर चेक-इन बॅगेत. स्प्रेचा रंग आणि प्लॅस्टिकचा ज्वलनशील ग्लू कुठल्याच बॅगेत नाही, ते घरी.

कुरिअरने पाठवायचं असेल तर नुसत्या चुंबकावर विसंबू नका. डबा फेकला जाणार असं धरूनच चाला. प्रत्येक जण फोममध्ये, तो डबा मोठ्या खोक्यात, मध्ये चारी बाजूंनी गादी.

आणि आता

मित्र या डिसेंबरला येतोय. परत असई मांडायची आहे, परत दादरला. चौकड्या मी पुन्हा काढल्यात. त्याच्याइतक्या सरळ नाहीत, त्याला कळणारच. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "माझी पलटण जिवंत आहे ना?"

मी काही लिहिलं नाही. डबा गादीवर उलटा केला, जोरात हलवला आणि व्हिडिओ पाठवला. २४ जण डोकं खाली, पाय वर, आणि एकही हलला नाही.

त्याचं उत्तर एवढंच: "हत्ती कुठंय?"

"वेगळ्या डब्यात."

तर मंडळी, आज रात्री तुमचा डबा गादीवर उलटा करून बघा. काय पडलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात घेते. तोपर्यंत, काळजी घ्या, पलटणीची पण!