सही बोटावर, लक्ष कागदावर!

परवा पुसेगावात आमच्या बचत गटाची बैठक होती. शेजारच्या वहिनींनी हळद दळायच्या गिरणीसाठी कर्ज मागितले होते. करारनामा आला मोबाईलवर. कर्ज देणारा माणूस म्हणाला, "ताई, ओटीपी आलाय ना, तेवढा सांगा, झालं!" वहिनी सांगणारच होत्या. मी म्हटलं, "अहो, थांबा! तो आकडा म्हणजे तुमची सहीच."

खरेच आहे ते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. इलेक्ट्रॉनिक सहीला त्यात २००९ पासून जागा मिळाली. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की करारावर सही उमटते. मागाहून कुणी मजकुरात फेरफार केला, तर तपासणीत तो उघडा पडतो. मृत्युपत्राला मात्र ही सही चालत नाही.

'मी सहमत आहे' या चौकटीवर बोट टेकवले की संमती झाली. मेथीची जुडीसुद्धा आपण उलटसुलट करून घेतो, मग करार न वाचता कसा घ्यायचा? वहिनींनी लेकीकडून तो वाचून घेतला. तोंडी सांगितल्यापेक्षा व्याज दोन टक्के जास्त! ते दुरुस्त झाल्यावरच त्यांनी स्वतःच्या हाताने आकडा टाकला.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढे कराच. रक्कम, व्याज, मुदत आधी वाचा. ओटीपी कुणालाही सांगू नका. सही झालेली प्रत मागून घ्या, जपून ठेवा. आपल्या आज्यांचा अंगठा दुसरेच कुणी धरून उठवीत; आपले बोट तरी आपल्याच ताब्यात असू द्या!