मालमोटारींतून मालाबरोबर जाणाऱ्यांचा दावा

रस्त्यानें जाणाऱ्यास खासगी मोटार धडको वा मालमोटार, विम्याच्या दृष्टीनें तो तिऱ्हाईतच. भेद पडतो तो गाडींत बसलेल्यांविषयीं. खासगी मोटारीचा सर्वसमावेशक विमा असल्यास आंतील पाहुण्यासही भरपाई मिळूं शकते. मालमोटारींत मात्र जखमी मनुष्य कोणत्या नात्यानें बसला होता, हें आधीं पाहिलें जातें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधि यांस विम्याचें संरक्षण मिळालें; वाटेंत फुकट चढलेल्यास तें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं ठरविलें. पुढें २००७ सालीं, मालाच्या मालकानेंही चालकाच्या कक्षांतच बसलें पाहिजे, मालावर नव्हे, असें त्याच न्यायालयानें सांगितलें. गोण्यांवर पथारी टाकून बाजारास जाण्याची आपली रीत येथें फार महाग पडते. गाडीमालकावर दावा राहतो खरा; पण ज्याची एकुलती एक गाडीच मोडली, त्याच्याकडून वसूल तें काय होणार? कागदावांचून खरा हक्क बुडालेला कचेरींत पुष्कळदां पाहिला आहे. म्हणून शेतकरी बंधूंनीं निघण्यापूर्वींच भाडेपावतीवर माल, वजन व बरोबर जाणाराचें नांव लिहून घ्यावें आणि तिची एक नक्कल घरीं ठेवावी.