घरातला स्टुडिओ : कापडाचे काम कोणते आणि विटांचे कोणते?

जाड पडद्याचे कापड पूर्वी दिवाणखान्यासाठी विकले जात असे. आता तरुण मुले दुकानात येतात आणि ‘आवाज थांबवणारे कापड दाखवा’ म्हणतात. घरातली एक खोली बंद करून तिथे नात, कव्वाली, शाळेचे धडे, दुकानांच्या जाहिराती ध्वनिमुद्रित करण्याचा उद्योग लहान गावांतही सुरू झाला आहे. मायक्रोफोन आणि संगणक आवाक्यात आले, पण गाडी अडते ती खोलीपाशी. अशा वेळी आम्ही कापडवाल्यांनी साफ सांगितले पाहिजे की पडद्याने बाहेरचा आवाज थांबत नाही. थांबतो असे सांगून जो माल विकतो, तो गरीब मुलाची जमापुंजी बुडवतो आणि आपल्या पेशाची पतही घालवतो.

दोन कामे, दोन कारागीर

बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे एक काम. आतला आवाज खोलीतच घुमू न देणे हे दुसरे. पहिले काम वजनाचे आणि फटी बुजवण्याचे आहे, म्हणून ते गवंडी आणि सुताराचे. दुसरे काम कापूस, तंतू आणि कापडाचे. कापडातून वारा जातो तसा आवाजही जातो. त्याला अडवायला जड भिंत लागते.

भिंतीचे वजन दुप्पट केले की आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने घटतो. डेसिबलचा हिशेब असा, की १० डेसिबल घट म्हणजे आवाजाची ऊर्जा दहावा हिस्सा उरली आणि २० घट म्हणजे शंभरावा हिस्सा. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते. तेव्हा जुन्या पक्क्या घरात भिंतीवर पैसा ओतण्याची गरज नसते. खरा चोर असतो फटीत. १०० चौरस फूट भिंतीत १ चौरस फूट जागा उघडी राहिली, तर शंभरावा हिस्सा आवाज तिथून येणारच. मग भिंत किल्ल्याची असली तरी फायदा २० डेसिबलच्या पुढे जात नाही.

म्हणून पहिला रुपया दरवाजावर खर्च करावा. पोकळ दरवाजा काढून भरीव बसवावा, चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी लावावी, खाली उंबरठा ठेवावा. नको असलेली खिडकी विटांनी बुजवावी. हवी असल्यास वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा, मध्ये जागा सोडून बसवाव्यात. विजेच्या तारांची भोकेही बुजवावीत. मात्र हवाबंद खोलीत माणूस गुदमरतो. हवेसाठी आतून तंतूंचा थर दिलेली, दोन-तीन वळणे घेणारी पेटी ठेवावीच लागते.

मालेगाव-भिवंडीच्या बांधवांची अडचण निराळी आहे. यंत्रमागाची धडधड जमिनीतून आणि खांबांतून चढते. तिला अडवायला रबरावर ठेवलेली जमीन आणि मूळ भिंतीला न टेकणारी आतली भिंत, म्हणजे खोलीत खोली, उभारावी लागते. खर्च मोठा आणि स्लॅबवर वजनही मोठे. इंजिनिअरला विचारल्याशिवाय त्यात पडू नये. मालेगावात शुक्रवारी माग थांबतात. त्या दिवशी ध्वनिमुद्रण ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय.

गादीने सुरू झालेले शास्त्र

आता कापडाचे काम. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले कळेना, कारण एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणवल्या आणि एकेक वाढवत घुमण्याचा वेळ मोजला. गाद्या वाढल्या तसा वेळ घटला. त्यातून निघालेल्या सूत्रावर बोस्टनचा सिंफनी हॉल बांधला गेला. तो १९०० साली उघडला. आवाज शोषण्याच्या शास्त्राचे पहिले माप गादी होते, हे आमच्या गादीवाल्या आणि पिंजारी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

पण जाडी हवी. बारीक आवाजाची लहर फूटभर असते, तर जाड, घुमणाऱ्या आवाजाची १०-११ फूट. पातळ गालिचा बारीक आवाज खातो आणि जाड तसाच सोडतो. मग बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटते. अंड्यांचे ट्रे तर जवळजवळ काहीच करत नाहीत आणि पेटतात मात्र चटकन. पॅकिंगचा फोमही तसाच. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी एका क्लबमध्ये भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसे गेली. बंद खोलीत हा धोका पत्करू नये.

चांगला पॅनेल असा करावा. ४ फूट बाय २ फूट लाकडी चौकट, आत २ इंची रॉकवूलचे दोन थर (घनमीटरला ४८ किलो वजनाचे चालते, ते जळत नाही), वरून कापड. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडावर फडके हवे. कापड निवडताना फुंकर मारून पाहावी. पलीकडे हवा लागली तर ते कामाचे. मांजरपाट आणि तरट चालते, रेक्झिन चालत नाही. ६० इंची पन्ह्याचे कापड एका पॅनेलला एक वार पुरते, म्हणजे आठ पॅनेलना साडेसात मीटर. पॅनेल भिंतीपासून २-३ इंच सुटे लावावे. तेवढेही जमत नसेल, तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड रजई टांगावी. फरक लगेच कळेल.

या कामात सुताराची चौकट, शिलाईवाल्याची खोळ आणि आमचे कापड, असे तिघांचे हात लागतात. अमेरिकेत जुन्या जीनच्या चिंध्यांपासून, बोरेट लावून आग रोखणारे थर बनवतात व विकतात. चिंध्यांचा धंदा करणाऱ्यांनी यावर विचार करावा. मात्र गिऱ्हाईक दुकानात आले, की आधी विचारावे : ‘बाहेरचा आवाज त्रास देतो की आतला घुमतो?’ बाहेरचा असेल तर आपला गज बाजूला ठेवून त्याला गवंड्याकडे पाठवावे. आज एक विक्री जाईल, पण तो माणूस पॅनेलचे कापड घ्यायला आपल्याच दुकानात परत येईल.