‘ज्ञानबा-तुकाराम’ची चाल
वारीतल्या या गजराला ना स्वरलिपी, ना कोणी एक संगीतकार. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीत पादुका ठेवून देहूहून आळंदीमार्गे पंढरीची वाट धरली. ज्ञानोबा आणि तुकोबा या दोन्ही संतांची नावे जोडणारे भजन तेव्हापासूनचे, असे संप्रदाय मानतो. चाल चालता चालता घडलेली. आठ मात्रांचा भजनी ठेका, मृदंगाची थाप. पावली खेळताना पाऊल आणि टाळ एकदमच पडायला हवेत. पोरे ही चाल कानाने उचलतात, आणि तीच खरी तालीम. पिंपरी-चिंचवडमधली, इंद्रायणीकाठची आपली चिखली तर टाळगाव म्हणूनच ओळखली जाते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत परंपरेने मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकर यांचे नाव घेतले जाते. महापालिकेचे संत तुकाराम महाराज संतपीठही इथेच आहे.